काशिनाथ मेस्त्रींचा कागद

काशिनाथ मेस्त्रींना बोलायला त्रास व्हायचा. लहानपणापासूनचं होतं ते. 'म' आणि 'प' ही दोन अक्षरं ओठांशी आली की पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी घट्ट बसायची; आतून कितीही ढकला, उघडायची नाहीत. त्यात दैवाची गंमत अशी, की आडनाव मेस्त्री आणि तालुका मालवण. कुणी नाव-गाव विचारलं की ते "काशी, आचऱ्याचा" एवढंच सांगून मोकळे व्हायचे.

हात मात्र बोलका. कुवेतमध्ये, शुवैखच्या कारखान्यांच्या वस्तीत एका सुतारखान्यात ते सत्तावीस वर्षं काम करत होते. मुकादम इजिप्तचा, कामगार चार देशांचे, पण अवघड काम आलं की सगळे एकच म्हणायचे, "काशीला दाखवा." खैतानमधल्या एका खोलीत चौघेजण राहत. त्यातला मुनव्वर खेडचा, एसी दुरुस्त करणारा, अकरा वर्षांपासून शेजारच्या खाटेचा सोबती. तो दोघांच्या वाटणीचं बोलायचा, त्यामुळे मेस्त्रींचं फारसं अडत नसे.

सहा वर्षांपूर्वी सुतारखान्याला एक वेगळं काम मिळालं. समुद्रालगतचं एका जुन्या व्यापाऱ्याचं घर पुन्हा उभं करायचं होतं. देखरेखीला बुशरा नावाची तरुण कुवेती आर्किटेक्ट होती. घराचं मुख्य दार खालून हातभर कुजलेलं. मुकादमाने सांगितलं, काढून टाकू, नवं बसवू. मेस्त्रींनी दारावरून तळवा फिरवला, नखाने एक रेघ ओढली, वास घेतला आणि मान हलवली.

"काय?" बुशराने विचारलं.

"साग," मेस्त्री म्हणाले. मग त्यांच्या मोडक्या हिंदी-अरबीत, थांबत थांबत, "आमचा साग. आमच्या किनाऱ्याचा. काढू नका."

त्यांनी कुजलेला भाग तेवढा कापला, जुन्या सागाचा तुकडा शोधून आणला आणि तिरका सांधा मारून असा बसवला, की दुसऱ्या दिवशी बुशराला तो बोटांनी चाचपूनही सापडेना. ती हसली आणि तिथेच वाळूच्या ढिगावर बसून तिने मेस्त्रींना सगळं सांगितलं. या गावात झाडच नव्हतं. दारं, तुळया, जहाजांची फळी न् फळी हिंदुस्थानातून यायची. एकोणीसशे एकसष्टपर्यंत बाजारात चलनही रुपयाच होतं. शहराभोवती मातीची भिंत होती. ती पाडली, वेशीचे दरवाजे मात्र जपून ठेवले.

"कुठे आहेत ते?" मेस्त्रींनी विचारलं.

"तू रोज त्यांच्या बाजूने बसने जातोस," बुशरा म्हणाली.

ही गोष्ट मेस्त्रींच्या मनाला लागली. ज्या गावात आपलं अर्धं आयुष्य गेलं, ते गाव आपण बसच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नाही! पुढच्या शुक्रवारी सकाळी ते एकटेच निघाले. जहरा वेशीपाशी उतरले. चहूबाजूंनी गाड्या धावताहेत आणि मध्ये ते मातीच्या रंगाचं दार, भिंत नसलेलं, एकटं उभं. मेस्त्री तिथे तासभर थांबले. त्यानंतर त्यांचा एकही शुक्रवार खोलीत गेला नाही. कधी अमेरिकन मिशनचा जुना दवाखाना, कधी विणकामाचं सादू हाऊस, कधी मुबारकिया बाजार. बुशराला भेटले की विचारायचं, दुसऱ्या शुक्रवारी जाऊन पाहायचं. खोलीवर येऊन सांगायला मात्र जमायचं नाही. एकदा सुरुवात केली, "मुबारकियात…" आणि 'मु'वरच गाडी थांबली. बाकीच्यांनी माना वळवल्या, मोबाइल काढले. मेस्त्री चहा करायला उठले.

दोन वर्षांपूर्वी मुनव्वरची बायको असमा महिन्याभरासाठी व्हिजिट व्हिसावर आली. मुनव्वरने जलीबमध्ये ओळखीच्यांकडे एक खोली मिळवली. पण नेमकी तेव्हाच त्याची ड्यूटी वाढली. सकाळी सहाला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. आठ दिवसांनी त्याने मेस्त्रींना जेवायला बोलावलं. असमाने मच्छीची कढी वाढली आणि म्हणाली,

"काशीभाऊ, मी कुवेत बघायला आले आणि बघत्ये काय, तर समोरच्या बिल्डिंगीच्या एसीच्या पेट्या. ह्यांनी बसवलेल्या असतील म्हणून कौतुकाने बघायच्या, आणखी काय!"

"अगं, मी काय करू? सुट्टी देत नाहीत," मुनव्वर म्हणाला.

"तुम्ही नका येऊ. मी एकटी जाईन. कुठे जायचं ते सांगा फक्त."

मुनव्वरने सगळ्या शहरभर एसी बसवले होते, पण पाहिलं काहीच नव्हतं. मेस्त्रींनी तोंड उघडलं, मग मिटलं. घरी जाऊन त्यांनी वहीचा जोडकागद फाडला आणि सुताराची पेन्सिल घेऊन लिहायला बसले.

लिहिताना 'म' अडत नाही, 'प' अडत नाही. त्यांनी जसं लाकडाचं माप लिहितात तसं लिहिलं. "जहरा वेशीत उभं राहा. दाराला पाठ करा. उजव्या हाताला समुद्राकडे चालू लागा. सहाशे पावलं. दवाखान्याची इमारत येईल. आत जाण्याआधी वरची गॅलरी बघा. लाकूड कोणतं ते ओळखा." आठ ठिकाणं, शेवटचं जहाजांचं बंदर. सीफ राजवाड्यापाशी लिहिलं, "बाहेरूनच बघा. फोटो काढू नका. पोलीस ओरडतो." जुन्या घराच्या दारापाशी लिहिलं, "खालचा हातभर भाग हाताने चाचपा. सांधा सापडला तर मला सांगा." खाली एक नकाशाही काढला, पट्टीने.

असमा तो कागद घेऊन निघाली. संध्याकाळी मुनव्वर घरी आला तर ती पाय गरम पाण्यात टाकून बसली होती आणि चेहरा दिव्यासारखा उजळला होता. रविवारी मेस्त्री भेटले तेव्हा तिने कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर लाल पेनाने तिने ठिकठिकाणी लिहिलं होतं.

"काशीभाऊ, कागद झकास आहे. पण पुरुषाच्या पायाने लिहिलाय. तुमची सहाशे पावलं, माझी साडेसातशे झाली. बाईमाणसाने बसायचं कुठे, बाथरूम कुठे, पाणी कुठे, ह्यातलं एक अक्षर नाही. आणि चौथ्या ठिकाणानंतर डावीकडे लिहिलंय, तिथे उजवीकडे पाहिजे. मी एका बँकेत शिरले."

मेस्त्री इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळं सुधारलं. पावलं दोन रकान्यांत मांडली. असमा परत जायच्या आधी आणखी तीनदा त्या वाटेने फिरली. शेवटच्या वेळी जलीबमधल्या चार बायका बरोबर घेऊन. "आणि सांधा?" मेस्त्रींनी विचारलं. "तो काय मेला सापडत नाही," ती म्हणाली.

कागदाच्या झेरॉक्स निघाल्या. असमाच्या मैत्रिणींकडून त्यांच्या नवऱ्यांकडे, तिथून मंगाफच्या कोकणी पोरांच्या खोल्यांवर. अशीच एक प्रत जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये पोचली. तिथे प्रणिता नावाची नाशिकची फिजिओथेरपिस्ट होती. गुडघे दुखत असतानाही त्या वाटेने चार किलोमीटर चालून आलेल्या एका पेशंटबाईने तिला तो दाखवला. प्रणिताने तो शुक्रवारी चालून पाहिला आणि मेस्त्रींचा फोन नंबर मिळवला.

प्रणिताचा नवरा प्रसाद पुण्याचा, तेल कंपनीत इंजिनियर आणि मराठी मंडळाचा सचिव. मंडळाने त्या जानेवारीत 'जुनं कुवेत' अशी सहल ठरवली होती. बस, नाश्ता आणि बोलका गाइड. दोन दिवस उरले असताना गाइडने येत नसल्याचं कळवलं. सलवा भागात एका सभासदाच्या घरी तातडीची बैठक भरली. प्रणिताने मेस्त्रींना बोलावून घेतलं.

"आपल्याकडे कागद आहे," ती म्हणाली. "गाइड कशाला हवा?"

प्रसादने कागद पाहिला. "लिहिलंय छान. पण प्रणिता, त्रेपन्न माणसं आहेत. आठ वर्षांपासून सत्तरीपर्यंतची. रस्त्यांवर गाड्या आहेत. कागदाच्या भरवशावर सोडायचं? मेस्त्री, तुम्ही पुढे चालाल का? माहिती सांगाल?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. मेस्त्री उठले. "म…" म्हणाले. पुन्हा "म…". मागून कुणीतरी खुदकन हसलं. मेस्त्रींच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. खाली बसावं आणि चपला घालून निघून जावं असं त्यांना वाटलं. पण मग त्यांना असमाचा लाल पेन आठवला. त्या बाईने चुका काढल्या होत्या, पण वाट सोडली नव्हती. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, टीपॉयवरच्या कागदाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तो प्रसादच्या हातात दिला.

प्रसादने मोठ्याने वाचलं. "'मी बोलणार नाही. कागद बोलेल. पाच-सहाजणांच्या टोळ्या करा, दहा-दहा मिनिटांनी सोडा. मी शेवटच्या ठिकाणी थांबतो. जुम्म्याच्या नमाजाआधी सगळे पोचतील. एकही चुकणार नाही.'"

"एकही?" प्रसादने विचारलं.

मेस्त्रींनी मान हलवली.

"लिहून दिलंय म्हणजे सुताराचं माप आहे," प्रणिता म्हणाली. जो खुदकन हसला होता तो मुकाट्याने पाणी प्यायला लागला. प्रसादने थोडा विचार केला. "ठीक. पण मी सगळ्यात शेवटी निघणार. कुणी मागे राहिलं तर उचलायला."

दोन दिवस मेस्त्रींनी डोळ्याला डोळा लावला नाही असं मुनव्वर नंतर सगळ्यांना सांगायचा. कामावरून सुटल्यावर ते बसने शहरात जायचे आणि प्रत्येक वळण पुन्हा तपासायचे. तिसऱ्या ठिकाणापुढे फूटपाथ खणलेला निघाला. त्यांनी फिरून जायची वाट शोधली, नव्याने पावलं मोजली, खेडला असमाला व्हॉट्सअॅपवर पाठवली. तिचं उत्तर आलं, "'सिग्नल ओलांडा' असं लिहू नका. कुठला सिग्नल? 'हिरव्या घुमटाच्या दुकानासमोरचा' लिहा." तसं लिहिलं. साठ प्रती काढल्या.

शुक्रवारी सकाळी साडेसातला पहिली टोळी जहरा वेशीतून निघाली आणि मेस्त्री बंदरावर जाऊन उभे राहिले. लाकडी जहाजं एकमेकांना टेकून डुलत होती. मच्छीमार जाळी वाळवत होते. थंडी होती, तरी मेस्त्रींच्या तळव्यांना घाम. सोबत मुनव्वर. त्याने त्या दिवशी सुट्टी मिळवली होती.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. पहिली टोळी सव्वानऊला यायला हवी होती.

"येतील," मुनव्वर म्हणाला.

पावणेदहा. रस्त्याच्या टोकाला कुणी नाही. मेस्त्री चार पावलं पुढे गेले, परत आले. फोन करू का, असं मुनव्वरने खुणेने विचारलं. मेस्त्रींनी हात आडवा हलवला. कागद बोलेल म्हणून आपणच सांगितलं. आता मध्ये बोलायचं नाही.

दहाला पाच मिनिटं असताना वळणावर एक लाल स्वेटर दिसला. मग आणखी. पहिली टोळी आली ती भांडतच.

"अहो मेस्त्री, तुम्ही सांगा यांना! तो सांधा दाराच्या डाव्या अंगाला आहे ना?" एक आजी लांबूनच ओरडल्या.

"अर्धा तास त्या दाराशी बसले सगळे," त्यांचा मुलगा म्हणाला. "उठायला तयार नाहीत. म्हणून उशीर."

मेस्त्रींच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. त्यांनी आजींचा हात धरला, त्यांचं बोट हवेतच तिरकं फिरवून सांधा कसा जातो ते दाखवलं. आजी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही दोघंही चुकलो!"

मग टोळ्या येतच राहिल्या. कुणाच्या हातात मुबारकियातला खजूर, कुणाच्या हातात सादूचा विणलेला पट्टा. प्रणिताची मुलगी संपदा, जी घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची, धावत आली आणि म्हणाली, "काका, मोठ्या दारात छोटं दार आहे! आई म्हणते त्याला दिंडी म्हणतात. मी त्यातून वाकून गेले!" प्रणिता थक्क होऊन पाहतच राहिली. मुलगी सलग तीन वाक्यं मराठीत बोलली होती.

मुनव्वर मोजत होता. सव्वीस. एकतीस. चाळीस. सव्वाअकरापर्यंत अठ्ठेचाळीस झाले. राहिली ती शेवटची टोळी. प्रसादची, पाचजणांची.

साडेअकरा वाजायला आले. आता शहरभर अजान होणार होती. बंदरावर आलेले सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. एकही चुकणार नाही, असं लिहून दिलं होतं.

आणि मग ते दिसले. पाचही. प्रसाद पुढे, घामाघूम, डोक्यावर रुमाल. त्याने मेस्त्रींसमोर येऊन कोपरापासून हात जोडले.

"चूक माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पाचव्या ठिकाणानंतर मी शहाणपणा केला. फोन जवळची वाट दाखवत होता, म्हणून तिकडून नेलं. एका बांधकामाच्या पत्र्यापाशी जाऊन अडकलो. शेवटी परत पाचव्या ठिकाणापाशी आलो, कागद उघडला आणि पावलं मोजत आलो. दोनशे चाळीस लिहिलीत ना? दोनशे एकोणचाळीस झाली."

"बूट मोठे आहेत तुमचे," मुनव्वर म्हणाला. बंदरभर हशा पिकला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि त्या थांबेचनात. जाळी वाळवणारे मच्छीमारही काय झालं ते न कळता टाळ्या वाजवू लागले. त्रेपन्नपैकी त्रेपन्न! मेस्त्री मधोमध उभे होते. भाषण करा, असं या वेळी कुणीही म्हटलं नाही. ते नुसते हसत होते, सगळे दात दाखवून, आणि प्रत्येकाचा हात हातात घेत होते.

एवढ्यात एक मोठी गाडी येऊन थांबली. बुशरा उतरली. मेस्त्रींनी तिला आदल्या दिवशी एक प्रत पाठवली होती. तिने कुणाकडून तरी ती वाचून घेऊन रातोरात अरबीत उतरवली होती. तिच्याबरोबर तिचे आजोबा होते, पंच्याऐंशीच्या घरातले, पांढरा शुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात काठी. त्यांनी अरबी कागद डोळ्यांजवळ धरला होता.

"किसने लिखा?" त्यांनी स्वच्छ हिंदीत विचारलं.

बुशरा हसली. "आजोबांचे वडील जहाजाचे कप्तान होते. आजोबा बारा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर तुमच्याकडे यायचे. हिंदी तिथेच शिकले."

मुनव्वरने मेस्त्रींना पुढे केलं. म्हाताऱ्याने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कौन गाँव?"

मेस्त्रींनी ओठ मिटले. नेहमीचं 'आचरा' जिभेवर आलं होतं. पण म्हातारा घाईत नव्हता. काठीवर दोन्ही हात ठेवून, दुपारभर उभं राहायची तयारी असल्यासारखा तो थांबला होता.

"म… म… मालवण."

"मालवण!" म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. "पानी में क़िला! दूर से देखा हमने. वेंगुर्ला देखा, रत्नागिरी देखा. रत्नागिरी का आम खाया, बहुत खाया, फिर पेट में दर्द हुआ, बाप ने मारा." तो लहान मुलासारखा हसला. मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "सब अच्छा लिखा. मगर एक जगह नहीं है."

मेस्त्रींनी भुवया उंचावल्या.

म्हाताऱ्याने काठीने समुद्राच्या उलट बाजूला, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेकडे दाखवलं. तिथे पूर्वी पाणी होतं, तो म्हणाला. दगडी बांध होता. सहा-सात महिन्यांनी हिंदुस्थानातून जहाजं परतली की लाकूड तिथेच उतरायचं, आणि गावातल्या सगळ्या बायका-पोरं त्या बांधावर येऊन उभी राहायची. कोण आलं, कोण नाही आलं ते पाहायला. नंतर समुद्र मागे हटवला, भर घातली. आता तिथे काही नाही, म्हणून कुणी लिहीत नाही.

मेस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. "दाखवा," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने एक हात काठीवर ठेवला, दुसरा मेस्त्रींच्या खांद्यावर. दोघे निघाले. त्यांच्यामागे बुशरा, मुनव्वर, रुमालाने मान पुसत प्रसाद, आजी, संपदा, मंडळाची त्रेपन्नच्या त्रेपन्न माणसं. कुणी कुणाला चला म्हटलं नव्हतं. गाड्यांच्या रांगांमधून वाट काढत ते एका दिव्याच्या खांबापाशी आले. म्हाताऱ्याने खाली डांबराकडे पाहिलं, वर आभाळाकडे पाहिलं, अंदाज घेतला आणि दोन पावलं डावीकडे सरकला. "यहाँ," तो म्हणाला. "यहाँ हमारी माँ खड़ी होती थी."

मेस्त्रींनी कागद त्या खांबाला टेकवून लिहून घेतलं.

आज तो कागद मराठी, अरबी आणि इंग्रजीत छापलेला आहे. बुशराच्या खटपटीमुळे त्या जुन्या घराच्या दाराशी तो फुकट मिळतो, आणि दर महिन्याला नव्या प्रती टाकाव्या लागतात. तळाशी तीन नावं आहेत. काशिनाथ मेस्त्री, सुतार. असमा, पावलांची दुरुस्ती. आणि आजोबांचं. सुतारखान्यात इजिप्तच्या मुकादमाने अरबी प्रत काचेच्या चौकटीत लावली आहे, येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो ती आधी दाखवतो, फर्निचर मागाहून. कागदावर आता नऊ ठिकाणं आहेत. नवव्या ठिकाणाखाली एवढंच लिहिलं आहे: "इथे काही दिसणार नाही. तरी थोडा वेळ उभे राहा."

आणि लोक राहतात.